जनावरांच्या डॉक्टरने सोनोग्राफी यंत्र घ्यायचे तरी कसे?

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. राज्य समुचित प्राधिकारी, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा

महोदय,

गोठ्यात वापरण्यासाठी पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र घ्यावे म्हणून मी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणीचा अर्ज केला होता. तो गेल्या महिन्यात परत आला. वर एका ओळीचा शेरा होता, 'सदर कायद्यात पशुवैद्यकांसाठी तरतूद नाही.' तेवढ्यावर मी घरी बसलो असतो. पण त्याच कायद्याचे कलम ३-ब सांगते की नोंदणी नसलेल्या कोणालाही असे यंत्र विकता येणार नाही. म्हणजे नोंदणीशिवाय यंत्र मिळत नाही आणि मला नोंदणी मिळत नाही. अर्ज फेटाळला असता तर वर अपील तरी केले असते. इथे तो फेटाळलेलाही नाही आणि स्वीकारलेलाही नाही.

हे पत्र आपल्या दोघांनाही एकत्र लिहिण्याचे कारण सरळ आहे. आरोग्य खात्यात गेलो की 'तुम्ही जनावरांचे, तिकडे विचारा' म्हणतात. पशुसंवर्धनात गेलो की 'हा सोनोग्राफीचा कायदा, तिकडे विचारा' म्हणतात. दोघांनी एकच कागद वाचला तर कदाचित उत्तर मिळेल. आणि उघडपणे लिहितो आहे, कारण हा प्रश्न एकट्या माझा नाही. दूध घालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे आणि त्याला तो कोणी सांगितलेला नाही.

मी खासगी पशुवैद्यक आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुधाच्या पट्ट्यात संकरित गाई आणि म्हशी तपासणे हा माझा व्यवसाय. गाय गाभण आहे की भाकड, हे हात घालून सांगणे हीच माझी रोजची कमाई आहे. त्यामुळे हाताला काय कळते आणि काय कळत नाही, हे मीच सांगितलेले बरे.

आधी कायद्याबद्दल, म्हणजे गैरसमज नको. गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही लागू झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुलीच होत्या. हा कायदा सैल करा, असे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणाले तर त्याला विरोध करीन. आपल्या अधिकाऱ्यांची भीतीही मला पटते. गाईच्या गुदमार्गात घालायचा प्रोब बाईच्या पोटावर टेकवला तर पडद्यावर काही ना काही दिसणारच. यंत्राला गाय आणि बाई यांतला फरक कळत नाही. कोणाच्या हातात ते आहे आणि त्याची नोंद कोण ठेवतो, यावर सगळे अवलंबून आहे. नेमका तोच भाग आमच्या बाबतीत मोकळा सोडला आहे.

कायदा माणसांसाठी लिहिला गेला, हे त्याच्या प्रत्येक नमुन्यात दिसते. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीला फॉर्म एफ भरावा लागतो. त्यात पतीचे किंवा वडिलांचे नाव, आधीची अपत्ये किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती. एखाद्या जर्सीच्या बाबतीत मी पतीच्या रकान्यात रेतमात्रेच्या कांडीवरचा (वीर्य भरलेल्या बारीक नळीवरचा) वळूचा नंबर लिहू का? (लिहायला माझी हरकत नाही, तो नंबर बऱ्याच गोठ्यांत नीट जपलेला असतो.) २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. माणसांसाठी ही अट शहाणपणाची आहे. पण साडेचारशे किलोची गाय कोण दाखल करणार? तिला टेम्पोत घालून तालुक्याला आणण्यात रेतनाची वेळच टळून जाते. आमचे काम दारोदार फिरूनच होते.

आता यंत्र कशासाठी हवे ते सांगतो, कारण 'हात आहे ना, मग यंत्र कशाला' हा प्रश्न मला कार्यालयातही विचारला गेला आणि गोठ्यातही.

गाय माजावर आली, रेतन झाले. साधारण २१ दिवसांनी ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर उलटली, नाही तर शेतकरी गाभण धरून चालतो. माज रात्री येऊन गेला, कोणी पाहिला नाही, तर? मग दोन-अडीच महिन्यांनी मला बोलावतात. अनुभवी हाताला ३५ दिवसांच्या पुढे काहीतरी जाणवू लागते, ४५ दिवसांना गर्भाशयाच्या दोन शिंगांतला फरक कळतो. पण खात्रीने बोलायचे आणि आत काही दुखवायचे नाही, तर गोठ्यात आम्ही साठ दिवसांच्या पुढेच तपासतो. तेव्हा गाय रिकामी निघाली की दोन माज गेलेले असतात. सोनोग्राफीत २८ ते ३० दिवसांना काळ्याशार पाण्यात सेंटिमीटरभराचा गर्भ आणि त्यात लुकलुकणारे हृदय दिसते. रिकामी गाय महिनाभर आधी सापडते. आमच्या भागात दूध न देणारी गाय नुसती उभी ठेवायलाही रोजचे दीड-दोनशे रुपये लागतात. महिन्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी पूर्णपणे लागू आहे. तिच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथे बोलत नाही, पण भाकड गाय विकून चार पैसे उभे करण्याची वाट बंद झाल्यावर गाय भाकड का राहिली हे लवकर कळणे ही चैन उरलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. 'गाय माजावर येत नाही' म्हटले की गावोगाव प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन टोचले जाते. हे औषध अंडाशयावरचा पीतपिंड विरघळवते आणि गाय दोन-पाच दिवसांत माजावर येते. पीतपिंडाला आम्ही सीएल म्हणतो. पण गाय माजावर न येण्याचे कारण ती गाभण असणे हेही असते. महिना-सव्वा महिन्याची गाभण गाय हाताने चुकून रिकामी समजली आणि सुई मारली, की गर्भ गेला. मालकाला कळतही नाही. त्याला वाटते औषध लागू पडले, गाय माजावर आली. असे किती गर्भ दरवर्षी गोठ्यातल्या शेणात मिसळतात याची मोजदाद कुठेच होत नाही. सुई मारण्याआधी एकदा पडद्यावर पाहिले असते तर, हा विचार मला अशा गोठ्यातून बाहेर पडताना दर वेळी येतो.

उलट चूकही होते. गर्भाशयात पू भरलेला असतो, हाताला ते जड आणि फुगलेले लागते, आणि गाय 'तीन महिन्यांची' ठरते. पडद्यावर गर्भजल स्वच्छ काळे दिसते, पू राखाडी आणि कणीदार. बघणाऱ्याला फरक ओळखायला क्षणभर पुरतो. तसेच सीएलचे. काही सीएलच्या मध्यभागी पाण्याची पोकळी असते. ती निरोगी असते, गर्भही टिकवते, पण बोटाला ती गाठ मऊ लागते आणि 'सिस्ट आहे', म्हणजे रोगट गाठ आहे, म्हणून उपचार सुरू होतात.

म्हशीत तर हात जवळजवळ आंधळा असतो. अंडाशय लहान, सीएल बऱ्याचदा आतच रुतलेला, वर उंचवटाही येत नाही. त्यात मुका माज. उन्हाळ्यात पंढरपुरी म्हैस माजावर आहे की नाही, हे तिच्या मालकाला कळत नाही, मला कळत नाही, आणि रेडा नसलेल्या गोठ्यात कोणालाच कळत नाही. सोलापूर-कोल्हापूरच्या म्हैसवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. ज्या जनावरात यंत्राची गरज सगळ्यात जास्त, त्याच जनावराच्या गोठ्यात ते सगळ्यात कमी पोहोचते.

आता भ्रूण प्रत्यारोपणाकडे येतो, कारण खरी विसंगती तिथे आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशन ही केंद्राची गोवंश सुधारण्याची योजना डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. २०२१ च्या सुधारित योजनेत आयव्हीएफने, म्हणजे प्रयोगशाळेत फलित केलेल्या भ्रूणाने, झालेल्या प्रत्येक खात्रीच्या गर्भधारणेमागे शेतकऱ्याला पाच हजार रुपये अनुदान ठेवले गेले. चांगली गोष्ट आहे. हे तंत्र आपल्याकडे परकेही नाही. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत आयव्हीएफने जन्मलेले म्हशीचे पहिले पारडू १९९० चे, त्याचे नाव 'प्रथम'. जिवंत गाईच्या अंडाशयातून स्त्रीबीज काढण्याची आजची पद्धत हॉलंडमध्ये १९८८ च्या सुमारास पुढे आली, आणि ती उभीच आहे अल्ट्रासाउंडवर. दाता गाय खोड्यात उभी करतात, शेपटीच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देतात. डॉक्टरचा एक हात गुदमार्गातून अंडाशय धरून ठेवतो, योनीतल्या प्रोबवर तो टेकवतो, आणि पडद्यावर दिसणारी एकेक काळी गोल फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीजाची पिशवी, सुईने शोषून घेतली जाते. स्त्रीबीज प्रयोगशाळेत जवळपास दिवसभर पक्व करून फलित करतात आणि सातव्या दिवसाचा भ्रूण तयार होतो. इथपर्यंत सगळे यंत्रासमोर, तज्ज्ञांच्या हाती, एसी खोलीत.

तो भ्रूण मग आमच्या गोठ्यात येतो, आणि इथे अंदाज सुरू होतो. भ्रूण ज्या कालवडीत सोडायचा तिचा माज सहा ते आठ दिवसांपूर्वी झालेला असावा लागतो, तिच्या अंडाशयावर चांगला सीएल असावा लागतो आणि भ्रूण त्याच बाजूच्या शिंगात सोडावा लागतो. उजव्या अंडाशयावर सीएल आणि भ्रूण डाव्या शिंगात, तर तो टिकण्याची आशा फार थोडी. आता हा सीएल बोटाने चाचपून ठरवायचा, तोही दिवसभरात पंधरा-वीस कालवडी तपासताना. चांगल्या हातातही आयव्हीएफचे निम्म्याहून कमी भ्रूण टिकतात, ही या तंत्राची मर्यादाच आहे. पण त्या अपयशात पाहता न आल्यामुळे आलेले किती, हे आज कोणी वेगळे काढू शकत नाही. शेतकऱ्याला मात्र एकच वाक्य ऐकवले जाते, 'तुमची कालवड धरली नाही.' जणू दोष कालवडीचा.

माझ्या तक्रारी थोडक्यात अशा:

१. नोंदणी नसेल तर यंत्र घेणे बेकायदा, आणि नोंदणीसाठी पशुवैद्यकाला नमुना नाही, रकाना नाही, कार्यालय नाही. अर्जावर 'तरतूद नाही' लिहिणे सोपे. ती तरतूद कोणी करायची, हे त्या शेऱ्यात लिहिलेले नसते.

२. जो नियम पाळतो तो यंत्राविना राहतो. जो पाळत नाही त्याला बिलाशिवाय, नोंदीशिवाय यंत्र मिळण्याची वाट मोकळी राहते. मुलींच्या जिवाला धोका कशाने जास्त आहे, मालिका क्रमांकासह नोंदवलेल्या माझ्या यंत्राने की कुठल्याच वहीत नसलेल्या यंत्राने?

३. मादी वासरे जन्मावीत म्हणून सरकार स्वतः लिंगविनिश्चित वीर्यमात्रा अनुदानावर देते. त्या कांडीने नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतात. म्हणजे गाईच्या पोटात काय असावे हे आधी ठरवणे हे सरकारी धोरण आहे, आणि पोटात काही आहे की नाही एवढे नंतर पाहायचे तर माणसांचा कायदा आडवा येतो. गाईचा गर्भ कालवड की गोऱ्हा हे दोन महिन्यांच्या सुमारास सोनोग्राफीत ओळखता येते, हे मी लपवत नाही. पण गाईच्या बाबतीत ते ओळखणे गुन्हा नाही, आणि त्यासाठी मला यंत्र नकोही आहे.

४. खात्रीच्या गर्भधारणेवर अनुदान, पण खात्री कोणत्या दिवशी आणि कशाने करायची हे पशुपालकाला कोणी समजावून सांगत नाही. तिसाव्या दिवशी दिसलेला गर्भ साठाव्या दिवसापर्यंत काही गाईंत गळून जातो. भ्रूण प्रत्यारोपणात हे आणखी घडते. एकाच तपासणीवर 'गाभण' लिहून पथक निघून गेले, तर पुढच्या रिकाम्या महिन्यांचा खर्च कोणाच्या माथी?

५. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाय 'राज्यमाता-गोमाता' झाली. राज्यमातेची सोनोग्राफी कोणत्या खात्याकडे, हे मात्र ठरायचे आहे.

मागण्या अशा आहेत. पहिली आणि बाकी सगळ्यांच्या आधीची: आपण दोघांनी मिळून एक आदेश काढावा. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाला केवळ जनावरांसाठी अल्ट्रासाउंड यंत्र घेता यावे, त्याची वेगळी नोंदवही जिल्हा समुचित प्राधिकाऱ्याकडे असावी, आणि अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत लेखी मिळावा. कायदा केंद्राचा आहे, राज्याला तो बदलता येत नाही, हे मला माहीत आहे. राज्याच्या अधिकारात जेवढे बसते तेवढे आता करा आणि उरलेल्यासाठी या कायद्याच्या केंद्रीय पर्यवेक्षक मंडळाकडे प्रस्ताव पाठवा. पाठवला की त्याची तारीख आम्हाला कळवा. असा आदेश आधीच कुठल्या फायलीत असेल तर तो प्रत्येक जिल्ह्याच्या सूचनाफलकावर लावा, माझी ही मागणी मी आनंदाने मागे घेईन.

अटी घाला, कडक घाला. यंत्राचा मालिका क्रमांक आणि प्रोबचा प्रकार नोंदवा. गुदमार्गे वापरायच्या लिनिअर प्रोबशिवाय दुसरा प्रोब जवळ सापडला तर यंत्र सील करा. प्रत्येक तपासणीचे चित्र जनावराच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह साठवायला लावा आणि कधीही न सांगता येऊन तपासा. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणी आपोआप नोंदवणारे उपकरण, बसवले गेले होते, तसे काही आमच्या यंत्रांवर बसवायचे असेल तर बसवा. एखाद्या पशुवैद्यकाच्या यंत्रात बाईच्या पोटाचे एक जरी चित्र सापडले, तर त्याला कायद्याची पूर्ण शिक्षा व्हावी आणि त्याचा परवाना कायमचा जावा. माझ्या व्यवसायातले बहुतेक लोक या अटींवर सही करतील. पदवी नसलेल्या कोणालाही मात्र हे यंत्र देऊ नका. माझे हे म्हणणे गावातल्या काही मित्रांना आवडणार नाही.

सरकारी योजनेतला एकही भ्रूण सोनोग्राफीत सीएल पाहिल्याशिवाय सोडला जाऊ नये. नंतर ३० आणि ६० दिवसांना दोन तपासण्या व्हाव्यात, दोन्हींचा निकाल पशुपालकाच्या हातात कागदावर मिळावा. प्रयोगशाळेत भ्रूणावर होणाऱ्या खर्चापुढे या तपासण्यांचा खर्च किरकोळ आहे.

यंत्र सगळ्यांना विकत घेणे शक्य नाही, त्याची किंमत लाखांत जाते. तेव्हा प्रत्येक तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात एक यंत्र आणि ते चालवणारा माणूस असावा. नुसते यंत्र पाठवाल तर ते खोक्यातच राहील. १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या गाड्यांत ते बसवता येईल का, हेही पाहावे. माणसांच्या नियमात फिरते वैद्यकीय पथक चालते, मग इथे का चालू नये?

आणि प्रशिक्षण. माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथे आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. तिथे आठवडाभराचा वर्ग घ्या, पण असा की प्रत्येकाच्या हातात प्रोब येईल आणि समोर जिवंत गाय असेल. पडद्याभोवती वीस माणसे उभी करून दाखवलेली सोनोग्राफी कोणालाच येत नाही. खासगी पशुवैद्यकांनाही त्यात घ्या, फी घ्या, आम्ही भरू.

पाऊस ओसरू लागला की म्हशींच्या माजाचा हंगाम सुरू होतो आणि थंडीभर चालतो. आदेश त्याआधी निघाला तर या वर्षीच्या म्हशी पाहता येतील, नाही तर गोष्ट पुढच्या पावसाळ्यावर गेली. उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते लेखी द्यावे, म्हणजे शेजारच्या तालुक्यांतल्या ज्या डॉक्टरांचे अर्ज असेच पडून आहेत त्यांनाही मला ते दाखवता येईल.

आपला,
एक खासगी पशुवैद्यक